जूनमधला मृग आभाळात का दिसत नाही?

७ किंवा ८ जून आला की घरोघर एकच बोलणं असतं : मृग लागला, आता पेरणीची तयारी करा. पण त्या रात्री ढग नसले तरी आभाळात मृग सापडत नाही. पुस्तकात तर लिहिलंय की तो थंडीत दिसतो. मग आजोबांचं खरं की पुस्तकाचं? दोन्ही खरं! आधी मृगाची ओळख करून घेऊ.

तारे पाहायला दुर्बीण लागत नाही. जानेवारीत, अमावास्येच्या आसपास, रात्री आठ वाजता अंगणात बाज टाकून पूर्वेकडे तोंड करून बसा. सोबत मोठं माणूस हवंच. बॅटरी आणि मोबाइल बंद. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात, म्हणून लगेच ‘काही दिसत नाही’ म्हणत उठू नका.

चार ठळक तारे चौकोनात दिसतील. ते मृगाचे चार पाय. त्यांतला काक्षी तांबूस, तर समोरच्या कोपऱ्यातला राजन्य निळसर पांढरा. मधोमध एका ओळीत तीन तारे, तो मृगाच्या पोटात घुसलेला बाण. जुनी माणसं त्याला ‘तिकांडं’ म्हणतात. ही ओळ खाली वाढवली की लखलखणारा व्याध भेटतो. रात्रीच्या आभाळातला सर्वांत तेजस्वी तारा तोच. त्याचा प्रकाश आपल्याकडे पोचायला सुमारे साडेआठ वर्षं लागतात. म्हणजे चौथीतल्या मुलांना आज दिसणारा प्रकाश निघाला, तेव्हा ती रांगत असतील! ओळ वर वाढवली की तांबूस रोहिणी, आणि तिच्याही वर कृत्तिकांचा पुंजका. रोहिणीमागून मृग, हा क्रम शेतकऱ्यांना तोंडपाठ असतो. तोच इथे आभाळात मांडलेला आहे. लोकमान्य टिळकांनी याच मृगाच्या आधारे वेदांचा काळ शोधणारा ‘ओरायन’ हा ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध केला.

आता जूनचं कोडं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे सूर्य वर्षभर एकेका नक्षत्रातून सरकताना दिसतो. ‘मृग लागला’ म्हणजे सूर्य मृगात आला. तेव्हा मृग सूर्याबरोबरच उगवतो नि त्याच्याबरोबरच मावळतो. भर दुपारी तो आपल्या डोक्यावर असतो, पण दिसणार कसा? पेटलेल्या कंदिलामागचा काजवा दिसतो का? पुढे प्रत्येक तारा रोज सुमारे ४ मिनिटं लवकर उगवतो. १५ दिवसांत झाला एक तास, सहा महिन्यांत १२ तास. म्हणून जूनमध्ये पहाटे उगवणारा मृग डिसेंबरात दिवेलागणीला उगवतो.

खाली कोरा कागद लावला आहे. आपल्याला कृत्तिका किती दिसल्या, सहा की सात, ते त्यावर लिहा. पालकांनीही लिहावं. रात्री पाणी धरताना तुम्ही वेळ कोणत्या ताऱ्यांवरून ओळखायचा, आणि घरात त्यांना काय म्हणतात?