नवा स्कोप बसवलास, आता जरा ऐक

पोरी, तुझा फोन झाल्यापासून तेच डोक्यात आहे. जुन्या स्कोपबरोबर गुणी मुलीसारखी वागणारी तुझी .३०८ रायफल नवा महागडा स्कोप चढवल्यापासून कागदभर गोळ्या विखरतेय आणि तू दुकानदाराशी भांडायला निघाली आहेस. थांब जरा. हरणांचा रोअर, म्हणजे नरांचा माजाचा काळ, मार्चअखेरीला सुरू होईल, तोवर आपल्याकडे वेळ आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस संपले, त्यामुळे आपल्या घरात हे सांगणारं कुणी नव्हतं. मी न्यूझीलंडला आलो आणि इथल्या जुन्या शिकाऱ्यांच्या शेजारी बसून शिकलो. तेच तुला देतो. क्रमानं कर, मधल्या पायऱ्या गाळू नकोस.

१. आधी मॅगझिन काढ, बोल्ट काढ आणि चेंबरमध्ये करंगळी घालून बघ — डोळा सवयीनं "रिकामी आहे" म्हणून मोकळा होतो, बोट तसं म्हणत नाही.

२. स्कोपला हात लावण्याआधी रेंजवरचे कागद समोर पसर — काय बिघडलंय ते बहुतेक वेळा कागदावरच उमटलेलं असतं.

इथे जरा बसू, कारण सगळी मेख इथेच आहे. गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्यात पण मध्यापासून लांब, असं असेल तर काहीच बिघडलेलं नाही, नुसतं झीरो करायचं, म्हणजे नेम गोळीच्या जागेशी जुळवायचं राहिलंय. दोन वेगवेगळे पुंजके दिसत असतील तर काहीतरी दोन जागांमध्ये हलतंय: बेस, रिंग किंवा स्कोपच्या आतलं यंत्र. पहिली गोळी जागेवर आणि मग एकेक एकाच दिशेला सरकत गेलेली दिसली, तर तापलेल्या नळीवर आणि दस्त्यावर संशय घे. आणि सगळीकडे शिंपडल्यासारख्या असतील तर आधी स्क्रू, मग तुझा खांदा. आमच्यात म्हणतात, गोळी चुकते, कागद चुकत नाही.

३. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि ती वहीत लिही — स्कोप, काडतूस आणि बसण्याची पद्धत एकदम बदललीस, तर सुधारणा कशानं झाली हे तुला कधीच कळणार नाही.

४. स्कोप आणि रिंग उतरवून थेट बेसचे स्क्रू तपास — दहातले बरेच आजार इथे निघतात आणि रिंगच्या खाली झाकलेले असल्यामुळे तिथे कुणी बघतच नाही. आधी बूड आवळ, मग भिंगाला बोल.

५. बेसचा सर्वांत पुढचा स्क्रू जास्त लांब तर नाही ना, हे बोल्ट घालून, पुढेमागे करून बघ — लांब स्क्रू आत जाऊन टेकला की बाहेरून घट्ट लागतो, पण बेस मात्र सैलच राहतो, आणि कधी बोल्टही अडतो.

६. स्क्रू आणि त्यांची भोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून कोरडी कर — कारखान्यातून आलेलं तेल तिथे राहिलं तर धक्क्यागणिक स्क्रू थोडा थोडा फिरतो.

७. बेसच्या स्क्रूला निळ्या लॉकटाइटचा एक थेंब पुरे, रिंगचे स्क्रू मात्र कोरडेच ठेव — ओल्या आट्यांवर तेवढ्याच जोरानं स्क्रू जास्त आवळला जातो आणि रिंग स्कोपची नळी चेपते.

८. टॉर्क रेंच घे, मनगटावर भरवसा ठेवू नकोस — रिंगच्या स्क्रूला बहुधा १५ ते २० इंच-पाउंड, म्हणजे दोन न्यूटन-मीटरच्या आसपास लागतात, आणि तरण्या हाताला तेवढं फार थोडं वाटतं. रिंगच्या पाकिटातल्या चिठ्ठीवर वेगळा आकडा असेल तर चिठ्ठीचं ऐक.

९. रिंगचे स्क्रू कोपऱ्या-कोपऱ्यानं, थोडे थोडे आवळ, गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे — एकीकडून करकचून आवळलंस तर स्कोप फिरतो आणि त्याच्यातली नेमाची फुली वाकडी होते. दोन्ही बाजूंची फट सारखी दिसली पाहिजे.

१०. रिंग बेसच्या रेलच्या खाचेत बसवली की आधी पुढे, नळीच्या तोंडाकडे ढकल आणि मगच आवळ — गोळी सुटताच रायफल मागे येते, स्कोप मात्र जागीच राहायला बघतो. खाचेत पुढे जागा उरली असेल तर पहिल्याच धक्क्याला तो तेवढा सरकतो.

११. रिंगचे स्क्रू पुरते आवळण्याआधी फुली सरळ कर: भिंतीशी ओळंबा टांग आणि उभी रेघ त्या दोरीशी जुळव — तिरक्या फुलीचा तोटा १०० मीटरवर दिसत नाही, पण २०० च्या पुढे टरेट, म्हणजे स्कोपवरचं क्लिकचं चक्र, फिरवायला लागलीस की गोळी बाजूला जाते.

१२. बोल्टची मूठ मागच्या भिंगाला आणि पुढचं मोठं भिंग नळीला घासत नाही ना, ते बघ — मध्ये कागद सरकवून पाहिलं की दोन सेकंदांत कळतं.

आता रायफलीकडे वळ. बिचारा स्कोप नवा म्हणून सगळा आळ त्याच्यावर येतो, पण तो बसवताना रायफल उलटीपालटी केलेली असते, क्लॅम्पमध्ये धरलेली असते. स्कोपच्या निमित्तानं दुसरंच काहीतरी हललेलं असतं.

१३. दस्त्याला रायफल धरून ठेवणारे खालचे दोन स्क्रू तपास — ते सैल असले तर वर कितीही महाग भिंग असलं तरी उपयोग नाही.

१४. एक नोट घे आणि नळी व दस्ता यांच्या फटीतून मागपर्यंत सरकव — नोट अडली तिथे दस्ता टेकतोय, आणि नळी तापली की तिथेच तो तिला ढकलतो.

१५. सप्रेसर लावून शिकार करणार असशील तर सप्रेसर लावूनच झीरो कर, आणि दर थोड्या गोळ्यांनी त्याची पकड हातानं बघ — तो लावला-काढला की गोळीची जागा बदलते, आणि जरा सैल झाला की ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, पसरतो. न्यूझीलंडमध्ये पुष्कळ शिकाऱ्यांकडे तो असतो, म्हणून हे आवर्जून सांगतोय.

१६. काडतुसं एकाच पेटीतली, एकाच वजनाच्या गोळीची वापर — १५० ग्रेनची आणि १८० ग्रेनची गोळी एकाच रायफलीतून एकाच जागी जात नाहीत. कुणी प्रेमानं दिलेली उरलीसुरली काडतुसं रेंजवर मिसळू नकोस.

इतकं झालं की मगच रेंजवर जा. कानात इअरप्लग घाल आणि वर इअरमफही चढव, दोन्ही. आवाजाला दचकणारा माणूस गोळी सुटायच्या आधीच खांदा आक्रसतो आणि मग म्हणतो, स्कोप खराब आहे.

१७. बोल्ट काढून नळीतून २५ मीटरवरचा ठिपका बघ आणि रायफल न हलवता फुली त्याच ठिपक्यावर आण — पहिल्या गोळीपासून कागदावर राहतेस, काडतुसं वाचतात. लेझरचं यंत्र यापेक्षा जास्त काही करत नाही.

१८. २५ मीटरवर गोळी फुलीच्या दीड-दोन सेंटीमीटर खाली लागली तर खूश हो — स्कोप नळीच्या वर बसलेला आहे, आणि गोळी त्याच्या रेषेपर्यंत अजून चढतेय. १०० मीटरवर ती बरोबर जवळ येईल.

१९. क्लिकचा हिशोब अंतरावर कर — पाव एमओएचा (मिनिट ऑफ अँगल) एक क्लिक १०० मीटरवर गोळी सात मिलिमीटर सरकवतो, २५ मीटरवर दोनसुद्धा नाही. म्हणजे पाच सेंटीमीटरसाठी १०० मीटरवर सात क्लिक, २५ मीटरवर २८ च्या आसपास. "चक्र फिरवते पण फरकच पडत नाही" असं तू फोनवर म्हणालीस ना, ते बहुतेक हेच.

२०. एका गोळीच्या मागे क्लिक फिरवत धावू नकोस. तीन मार, त्यांचा मध्य काढ, मग फिरव — एकटी गोळी वाऱ्याचं, श्वासाचं, कशाचंही सांगत असेल. घाईनं पेटी रिकामी होते, झीरो होत नाही.

२१. वाळूची पिशवी दस्त्याखाली ठेव, नळीखाली कधीच नाही — टेकलेली नळी धक्क्यानं उडते. आणि दर तीन गोळ्यांनंतर नळी गार होऊ दे, चहा पी, शिकारीची बारीक नळी लवकर तापते.

२२. मागच्या भिंगाची कडा फिरवून फुली आधी स्पष्ट कर आणि गाल दर वेळी दस्त्यावर त्याच जागी टेकव — डोळा मधोमध नसला तर फुली निशाण्यावरून सरकल्यासारखी दिसते, त्याला पॅरॅलॅक्स म्हणतात. पुष्कळ शिकारी स्कोप त्या बाबतीत १०० किंवा १५० यार्डांना लावलेले असतात, म्हणून २५ मीटरवर ते जास्त जाणवतं.

२३. मॅगझिनमध्ये तुझ्या नकळत एखादं खोटं काडतूस मिसळायला मैत्रिणीला सांग — ट्रिगर दाबल्यावर आवाज न होता रायफल खाली डुचमळली, तर दोष स्कोपचा नाही हे तुलाच दिसेल. यात लाजायचं काही नाही, चांगले चांगले यातून जातात.

कोल्हापूरकडच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कांस्यपदक घेतलं, ते ५० मीटरवर, दुर्बिणीशिवाय, नुसत्या छिद्राच्या साइटनं. नेम धरतो तो माणूसच. भिंग फक्त निशाणा जवळ आणतं, आणि हात हलला तर ते हलणंही मोठं करून दाखवतं.

२४. इतकं करूनही गोळ्या विखुरल्या, तर स्कोपची परीक्षा घे: एकाच ठिपक्यावर नेम ठेवून २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, प्रत्येक वळणावर गोळी — चौकोन पुरा होऊन शेवटची गोळी पहिलीजवळ आली नाही, तर आतलं यंत्र बिघडलंय.

२५. खात्रीसाठी जुना स्कोप परत चढव — त्यानं ग्रुप जुळला तर रायफल निर्दोष, नवा स्कोप खुशाल परत पाठव. आता कागदांची चळत हातात घेऊन दुकानात जा, भांडावं लागणार नाही.

हे सगळं मी इतकं घोकून का सांगतो, माहीत आहे? विस्कटलेल्या ग्रुपनं मारलेली गोळी हरणाच्या पोटात जाते, आणि ते झुडपात शिरून रात्रभर मरत राहतं. ज्याच्या जिवावर आपण जेवणार, त्याचं एवढं देणं लागतोच आपण. मनात शंका असेल तर त्या दिवशी गोळी मारायची नाही.

२६. डोंगरात काय हललं हे बघायला गळ्यात वेगळी दुर्बीण ठेव, रायफलीचा स्कोप नाही — स्कोपमधून बघतेस म्हणजे नळी तिकडे वळवतेस, आणि तिथे माणूस असू शकतो. सगळी शंका फिटेपर्यंत निशाणा ओळखायचा, हा इथल्या बंदूक-सुरक्षेच्या सात नियमांतला चौथा नियम आहे, आणि रोअरच्या दिवसांत तो फार मोलाचा.

२७. झीरो झालं की स्क्रूच्या डोक्यापासून रिंगवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढ — रेघ तुटली की स्क्रू फिरला, हे बॅटरीच्या उजेडातही दिसतं.

२८. रोअरला निघण्याच्या आठवड्यात एकदा रेंजवर जा आणि गार नळीनं एकच गोळी मार — डोंगरात पहिली गोळी गार नळीतूनच जाणार. त्याच कागदावर तारीख, काडतुसाची पेटी आणि सप्रेसर होता की नाही ते लिही, आणि फोटो मला पाठव.