हलक्या बाराची भानगड

जिंतुरात परवान्याचं रिव्हॉल्वर बाळगणाऱ्याला काडतुसाची किंमत विचारावी. दुकान लांबच्या शहरात, वर्षाला किती घ्यायची ते परवान्यावर लिहिलेलं, आणि रेंजवर उभं राहिलं की पेटी कधी संपली कळत नाही. म्हणून पुतण्या म्हणाला, "काका, रिकाम्या पुंगळ्या फेकता कशाला? घरीच भरू. दारू जरा कमी टाकली की बार हलका, झटकाही कमी." त्याचं गणित वरवर चूक नव्हतं. मी त्याला रेंजवर डोळ्यांदेखत घडलेलं सांगितलं.

शेजारच्या रांगेतल्या गृहस्थांनी घोडा ओढला आणि 'ठो' ऐवजी 'फुस्स' झालं. काडतूस कारखान्याचंच, पण दमट कपाटात वर्षानुवर्षं पडलेलं. नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरली आणि तिथंच अडकली. त्यांना वाटलं, बार फुसका निघाला. पुन्हा घोडा ओढला. रिव्हॉल्वरचं चक्र फिरतं, पुढचं काडतूस आपसूक समोर येतं. घात तिथंच होतो. नळीला बोटाला लागेल असा फुगवटा आला. हात वाचला, हत्यार गेलं.

हलका बार घरी भरताना हा धोका दुप्पट. रिव्हॉल्वरमधलं .३२ लाँग काडतूस १८९६चं, काळ्या दारूच्या जमान्यातलं; आताची दारू त्यात तळालाच राहते. कमी पडली तर गोळी नळीत, चुकून दोनदा पडली तरी पुंगळी भरून वाहत नाही, डोळ्याला कळत नाही, आणि मग चक्रच फुटतं.

कायद्याचं तर विचारूच नका. आपला परवाना बाळगण्याचा, बनवण्याचा नव्हे. १९५९च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा दारूगोळ्यातच धरली आहेत. विनापरवाना बनवलं तर २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत.

हलका बार हवा तर तो कारखान्यातून तयार मिळतो: चपट्या तोंडाची शिशाची गोळी, कागदावर स्वच्छ गोल भोक पाडणारी. नेमबाज जसपाल राणांनी २००६ला दोह्यातल्या आशियाई स्पर्धेत ५९० गुण घेतले तो सेंटर फायर प्रकार अशाच काडतुसांचा. आणि कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं ते .२२वर, ती पुंगळी पुन्हा भरायचा प्रश्नच येत नाही. निशाणा बसवायला तर १० मीटरचं एअर पिस्तूल पुरतं. पुतण्याला मी तेच धरायला लावलंय, कुरकुरतोय अजून.

काडतुसं कोरड्या जागी, कुलपात ठेवा. जुनी आधी वापरा. आवाज कमी आला, झटका नेहमीसारखा लागला नाही, की बोट घोड्यावरून काढा. तोंड निशाण्याकडेच धरून थोडं थांबा, मग चक्र उघडून रिकामं करा आणि नळी मोकळी आहे का ते पाहा. चक्र उघडत नसेल तर जोर लावू नका, रेंजवरच्या जाणत्याला हाक मारा.