अंगठीतून गेला म्हणजे पश्मिना खरा?

प्रश्न : काश्मीरच्या सहलीत पश्मिना स्टोल घ्यायचा आहे. हातमागावरचा अस्सल माल कसा ओळखावा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : विक्रेते हमखास स्टोल अंगठीतून ओढून दाखवतात. पण पातळ रेशीमही अंगठीतून सहज निघतं. या प्रयोगावर भुलून पैसे मोजू नयेत.

पश्मिना येतो लडाखच्या चांगथांग पठारावरच्या शेळ्यांपासून. कडाक्याच्या थंडीत त्यांच्या राठ केसांखाली मऊ लव वाढते. वसंतात ती विंचरून काढतात. तंतू जेमतेम १२ ते १६ मायक्रॉनचा. काश्मिरी बायका तो चरख्यावर काततात. हे नाजूक सूत यंत्रमागाचा ताण सोसत नाही, म्हणून त्यात नायलॉन मिसळून विणतात आणि नंतर ते आम्लात विरघळवतात. त्यात लोकरीचा कस जातो, हे खरं नुकसान.

स्टोल उजेडासमोर धरावा. धागा कुठे बारीक, कुठे किंचित जाड आणि वीण जराशी हललेली दिसली, तर ती हाताची खूण. दशीचा धागा जाळला की केस जळल्याचा वास येतो, राख बोटांत चुरते. मात्र मेंढीची लोकरही अशीच जळते. पक्की खात्री हवी, तर ‘काश्मीर पश्मिना’चं भौगोलिक मानांकनाचं लेबल पाहावं. हे मानांकन २००८ मध्ये मिळालं.

वापरताना पिन टोचू नये, अत्तर थेट फवारू नये. थंड पाण्यात सौम्य शाम्पूने धुवावा, न पिळता सावलीत आडवा वाळवावा आणि सुती कापडात गुंडाळून ठेवावा.