एका रेघेची रांगोळी

आपल्या करमाळा भागात दिवाळीला दारापुढे सडा टाकून रांगोळी काढतात. काही मुले म्हणतात, रांगोळी हे मुलींचे काम. पण रांगोळीत गणित आहे. ते कसे, ते सांगतो.

आपण ठिपके रेघांनी जोडतो. तमिळनाडूत रांगोळीला कोलम म्हणतात. तिथल्या 'सिक्कू कोलम'मध्ये रेघ ठिपक्याला लागतच नाही. ती ठिपक्यांभोवती वळसे घेते आणि निघाली तिथेच परत येते. सिक्कू म्हणजे गुंता.

कृती : पाटीवर सारख्या अंतराने ३-३ ठिपक्यांच्या २ ओळी काढा. रेघ तिरपी चालवा. ती शेजारच्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधून जाते. तिथे फुली होते. फुलीवर वळायचे नाही, सरळ जायचे. कडेला आली की कडेच्या ठिपक्याला बाहेरून वळसा देऊन आत यायचे. पेन्सिल न उचलता सगळी नक्षी पुरी होते. फुल्या मोजा. ७ भरल्या तर बरोबर.

आता ३-३ ठिपक्यांच्या ३ ओळी घ्या. इथे रेघ लवकर मिटते आणि जागा उरते. मग दुसरी रेघ काढावी लागते, मग तिसरी. असे का?

नियम : ओळी किती आणि एका ओळीत ठिपके किती, हे दोन आकडे घ्या. दोघांनाही पूर्ण भाग जाईल अशी सर्वांत मोठी संख्या शोधा. तेवढ्याच रेघा लागतात.

२ आणि ३ : १ रेघ
३ आणि ४ : १ रेघ
३ आणि ३ : ३ रेघा
४ आणि ६ : २ रेघा

या संख्येला मसावि म्हणतात. तो आपण पुढे शिकणार आहोत.

अशा गाठींची नक्षी युरोपातही होती. सुमारे इ.स. ८०० मध्ये ख्रिस्ती मठातल्या साधूंनी 'बुक ऑफ केल्स' हा ग्रंथ वासराच्या कातड्यावर हाताने लिहिला. तो आता आयर्लंडमध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. त्यातल्या नक्षीत पट्टा एका फुलीवर वरून जातो, पुढच्या फुलीवर खालून. म्हणून ती वेणीसारखी विणलेली दिसते. ते साधू तर पुरुषच होते! मग आपण मुलांनी का लाजायचे?

आता शाळेच्या अंगणात ५-५ ठिपक्यांच्या ४ ओळी काढा. किती रेघा लागतील ते आधी सांगा, मगच खडू टेकवा. आईवडिलांनीही करून बघावे.

— इयत्ता चौथी