औषधांचा बाजार आणि राखणदार

अर्थशास्त्राच्या तासाला आपण शिकतो की, स्पर्धेमुळे निकृष्ट माल बाजारातून आपोआप बाहेर पडतो. मलाही ते पटले होते. परंतु चीनमधील औषध-नियंत्रणाचा इतिहास वाचताना शंका आली. भाजी किडकी निघाली तर गिऱ्हाईक दुकान बदलते; इंजेक्शन विषारी निघाले तर दुकान बदलायला रोगी उरतच नाही. म्हणून औषधांच्या बाजाराला राखणदार लागतो.

१९७८ नंतर चीन नियोजनाकडून बाजाराकडे वळला. १९८५ साली औषध कायदा अमलात आला. पण परवान्यांचे पुष्कळसे अधिकार प्रांतांकडेच राहिले आणि प्रांतांना आपापले कारखाने प्रिय होते. म्हणून १९९८ मध्ये राष्ट्रीय औषध प्रशासन स्थापन झाले. २००१ च्या सुधारित कायद्यानंतर मंजुरीचे अधिकार केंद्राकडे आले, उत्पादनपद्धतीचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. कागदावर सारे चोख होते.

२००६ साली ग्वांगझौ येथे एका इंजेक्शनामुळे रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली, अनेकजण दगावले. प्रोपिलीन ग्लायकॉल म्हणून कारखान्याला विकलेले द्रव्य प्रत्यक्षात डायएथिलीन ग्लायकॉल हे स्वस्त विष होते. कारखान्याजवळ प्रमाणपत्र होते, प्रयोगशाळाही होती. आलेल्या मालाची खरी पारख मात्र झाली नाही.

पुढे औषध प्रशासनाचे माजी प्रमुख झेंग शियाओयू यांच्यावर सुमारे ६५ लाख युआन लाच घेतल्याचा गुन्हा शाबीत झाला आणि १० जुलै २००७ रोजी त्यांना देहान्त शासन झाले. कुंपणानेच शेत खाल्ले होते!

माझ्या मते खरा धडा शिक्षेत नाही. प्रांतांकडून काढलेला अधिकार एका कचेरीत साठला, पण त्या कचेरीवर नजर कोण ठेवणार, हे ठरले नव्हते. २००७ मध्ये मंजुरीचे नियम कडक झाले. २०१९ च्या कायद्याने परवानाधारकावर कच्च्या मालापासून विक्रीनंतरच्या परिणामांपर्यंतची जबाबदारी टाकली. सुधारणेची ही दिशा मला अधिक योग्य वाटते.

चीनला नावे ठेवण्यापूर्वी आपण मुंबई आठवावी. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात याच विषाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्णांचा बळी घेतला आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने आपल्याही औषध प्रशासनावर कडक ताशेरे ओढले. अर्थव्यवस्था कोणतीही असो, बाटलीवरील शिक्का आणि आतील औषध एकच आहे ना, हे कोणीतरी प्रामाणिकपणे तपासावेच लागते.