मधला भाग

वसमत, 9 मार्च

चि. विशाल,

परवा तुझी आई फोनवर रडत होती. "पोरगं सैराट झालंय," एवढंच म्हणाली. फोनवर तू हो-हो करून ठेवून देतोस, म्हणून हे लिहितोय.

2016 साली नागराज मंजुळेंचा 'सैराट' मी नांदेडला पाहिला. 'झिंगाट' गाणं लागल्याबरोबर पोरं पडद्यापुढं नाचली. शेवटी तान्ह्या लेकराची रक्ताळलेली पावलं दिसली, आवाज बंद, आणि कुणी जागचं उठेना. बाहेर गाड्या काढताना मात्र पुन्हा 'झिंगाट'! पोरांना पिक्चरचा पहिला भाग पाठ असतो आणि आईबापांना शेवटची पाच मिनिटं. तुझ्या आईच्या तोंडचा 'सैराट' या पाच मिनिटांतला.

मधला भाग कुणी बघतच नाही. आर्ची आणि परश्या हैदराबादला पळतात, झोपडपट्टीत राहतात. पाटलाची, बुलेट चालवणारी आर्ची घरच्या आठवणीनं रडते. परश्या डोशाच्या गाड्यावर राबतो. आणि एक दिवस ती कुणाशी हसून बोलली म्हणून तो तिला मारतो. पाटील नव्हे, तिचा भाऊ नव्हे, आपला लाडका परश्याच. ती निघून जाते, रेल्वेत बसते. जीव घ्यायला येणारा भाऊ सगळ्यांना दिसतो. परश्यानं उचललेला हा हात कुणाला आठवत नाही. मला विचारशील तर अख्ख्या पिक्चरमधला सगळ्यात खरा धोका तोच, कारण तो आपल्या अंगात असतो.

मंजुळेंचाच 'फँड्री' बघ. त्यातला जब्या काळ्या चिमणीच्या मागं रानोमाळ हिंडतो, तिची राख टाकली की त्याला आवडणारी शालू वश होईल म्हणून. त्याच्या जातीनं त्याला जे भोगायला लावलं त्यानं जीव तुटतोच. पण शालूला शेवटपर्यंत कुणी काही विचारत नाही. तूही रोज त्या पोरीच्या मागं क्लासच्या गेटपर्यंत गाडी नेतोस म्हणे. हिंदी पिक्चरनं याला प्रेम म्हणायला शिकवलं. पोरीची इच्छा नसताना मागं मागं फिरणं आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. ती नाही म्हणाली तर विषय संपला, दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

आणि हो म्हणाली तर? तुला विसावं चालू आहे, लग्नाला एकवीस लागतात. तिला अठरा पूर्ण आहेत, एवढ्यानं भागत नाही. विशेष विवाह कायद्यानं करायचं तर लग्नाची नोटीस तीस दिवस विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत लागते. तुमच्या हिंगोलीसारख्या गावात ती कोण कोण वाचेल, सांगायला नको. घरच्यांचा विरोध असलेल्या जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष ठेवा, असं सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये सांगितलंय. वेळ आलीच तर एसपी ऑफिसला तुझ्यासोबत मी येईन. तुझ्या आईशी मी बोलतो. तिची जात कोणती, हे मी तुला विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

पळून मात्र जायचं नाही. पगार नाही, खोली नाही, परीक्षा तोंडावर.

हळद काढायला मजूर मिळेना. रविवारी ये. आणि यायच्या आधी तिला एकदा सरळ विचार, ती काय म्हणाली ते मला सांग.

तुझा,
मामा