ध्वनीने रेखाटलेले चित्र आणि त्याची पडताळणी



सोनोग्राफी आपल्या परिचयाची आहे. तीत शरीरातून परतलेला ध्वनी टिपला जातो. ‘अल्ट्रासाउंड टोमोग्राफी’ ही तिची पुढील पायरी होय. यात स्तन कोमट पाण्यात ठेवून सभोवतालच्या कड्यातून सर्व दिशांनी ध्वनी सोडतात व पलीकडे पोहोचलेला ध्वनीही मोजतात. यात क्ष-किरण नाहीत व स्तन दाबावाही लागत नाही.

तत्त्व सोपे आहे. आर्वी, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर अशा गावांदरम्यान कापसाच्या गाड्यांना लागलेला वेळ नोंदविला, तर चिखलाचा पट्टा कोठे आहे हे न पाहताही ताडता येते. ध्वनी चरबीतून सेकंदाला सुमारे १४५० मीटर जातो. कर्करोगाच्या गाठीतून बहुधा अधिक वेगाने. मात्र तो वाटेत वळतो व विखुरतो. त्यामुळे असंख्य नोंदींवरून चित्र जुळविण्याचे गणित पुनःपुन्हा करावे लागते व त्यास वेळ लागतो.

येथे ‘डीप लर्निंग’ उपयोगी पडते. असंख्य नमुन्यांवरून शिकलेली संगणकप्रणाली अपुऱ्या नोंदींवरूनही अल्पावधीत स्वच्छ चित्र देऊ शकते. परंतु रिकामी जागा ती पूर्वी पाहिलेल्या चित्रांच्या आधारे भरते. २०२० साली फेसबुक व न्यूयॉर्क विद्यापीठाने एमआरआय प्रतिमांसाठी घेतलेल्या स्पर्धेत, संगणकाने जुळविलेल्या काही चित्रांत प्रत्यक्ष शरीरात नसलेल्या रचना आढळल्या. नसलेली गाठ दिसणे क्लेशदायक. असलेली गाठ पुसली जाणे घातक.

हिशेबात हरवलेल्या पावतीची रक्कम अंदाजाने लिहिली, तर ताळेबंद जुळतो. पण तो खरा ठरत नाही. म्हणून उत्तम पद्धतीत संगणकाने दिलेल्या चित्रातून ध्वनी गणिताने पुन्हा पाठवून पाहतात व उत्तर प्रत्यक्ष मोजणीशी ताडतात. मूळ मोजणी हीच येथील पावती.

२०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा एका यंत्रास दाट ऊती असलेल्या स्त्रियांसाठी मान्यता दिली, तीही मॅमोग्राफीच्या जोडीने, तिच्याऐवजी नव्हे.

तेव्हा असे यंत्र घेण्याचा प्रस्ताव येईल, त्या वेळी किमतीसोबत तीन प्रश्न विचारावेत : प्रणाली कोणत्या स्त्रियांच्या नमुन्यांवर शिकली? मूळ नोंदी जतन होतात काय? चित्र त्या नोंदींशी ताडले जाते काय? आप्तेष्टांनीही ध्यानी ठेवावे की, संशयित गाठीचा निर्णय चित्राने नव्हे, तर ऊतीच्या तपासणीने होतो. दात्यांचा पैसा व रुग्णाचा विश्वास, दोहोंचे रक्षण याच दक्षतेत आहे.